कसोटी क्रिकेटमधील अनध्याय : विश्रांतीदिनाचा उदय, अस्त आणि उत्तरकाळ

पाच दिवसांच्या कसोटी सामन्यास पूर्वी सहा दिवस लागत असत. बहुधा तीन दिवसांचा खेळ झाला की एक दिवस मैदान रिकामे राही आणि उरलेला सामना त्यानंतर खेळला जाई. या मधल्या दिवसास इंग्रजीत ‘रेस्ट डे’ म्हणत. मराठी वृत्तपत्रांतून त्याचा उल्लेख ‘विश्रांतीचा दिवस’ असा होई. हा दिवस फलंदाजांचा जितका होता तितकाच गोलंदाजांचा, पंचांचा, गुणलेखकांचा, खेळपट्टी राखणाऱ्या माळ्यांचा आणि संघाबरोबर फिरणाऱ्या वार्ताहरांचाही होता. जिंकत असलेल्या संघास तो मिळे आणि हरत असलेल्यासही मिळे. तो मागावा लागत नसे. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही प्रथा जवळजवळ नाहीशी झाली. तिच्याबरोबर नेमके काय गेले, हे पाहावयाचे तर प्रथम शब्दांकडे वळणे उपयुक्त ठरेल. कारण विश्रांतीविषयीच्या कल्पनांचा इतिहास पुष्कळ अंशी तिच्या नावांत साठलेला असतो.

‘विश्रांती’ हा तत्सम शब्द. श्रमांचा विराम हा त्याचा मूळ अर्थ. ‘विसावा’ हा त्याचाच तद्भव आप्त. संस्कृत ‘विश्राम’, प्राकृत ‘वीसाम’ आणि मराठी ‘विसावा’ अशी ही परंपरा असून ‘ग्राम’चे ‘गाव’ व ‘नाम’चे ‘नाव’ होताना मकाराचा जो वकार झाला तोच येथेही दिसतो. मात्र अर्थाच्या दृष्टीने विसाव्याने स्वतंत्र वाट धरली. पालखीचा विसावा म्हणजे पालखी टेकविण्याची जागा. अंत्ययात्रेतील विसावा म्हणजे तिरडी क्षणभर खाली ठेवण्याचे ठरलेले ठिकाण. म्हणजे विसावा हा कोणा एकाच्या थकव्यावर अवलंबून नसतो, तो वाटेवर आधीच नेमलेला असतो. याच्या अगदी उलट ‘खाडा’. खाडा करणारा एकटा असतो, बाकीचे कामावर असतात, आणि खाड्याची किंमत त्याच्या रोजातून कापली जाते. तालमीत खाडा करणाऱ्या पोरास वस्तादापुढे उभे राहून कारण सांगावे लागते. ‘उसंत’ हा शब्द तर बहुधा नकारातच भेटतो. उसंत मिळाली असे म्हणणारा माणूस विरळा.

या शब्दांहून निराळा आणि प्रस्तुत विषयास सर्वाधिक जवळचा शब्द आहे ‘अनध्याय’. वेदपठण केव्हा बंद ठेवावे याचे तपशीलवार नियम धर्मशास्त्रात दिलेले आहेत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात त्यांचा बराच विस्तार आढळतो. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशी यांसारख्या तिथी, मेघगर्जना, वावटळ, गावावर ओढवलेले संकट अशी अनेक निमित्ते त्यात सांगितली आहेत. या नियमांमागील कारणे धार्मिक होती. विद्यार्थ्याच्या मेंदूस विसावा मिळावा हा त्यांचा उघड हेतू नव्हता. परंतु त्यांचा परिणाम असा होई की अनध्यायाच्या दिवशी शिकणारा आणि शिकविणारा दोघेही एकाच वेळी मोकळे होत, आणि त्यासाठी दोघांपैकी कोणालाही आपण थकलो आहोत असे कबूल करावे लागत नसे. कसोटी सामन्यातील विश्रांतीचा दिवस हा या अर्थाने अनध्याय होता.

त्याचा उगमही धार्मिकच. रविवारी पैसे घेऊन करमणुकीचे कार्यक्रम करण्यास इंग्लंडमध्ये १७८० च्या कायद्याने बंदी होती आणि रविवारी बॅट हाती न घेणे हे ख्रिस्ती सभ्यतेचे लक्षण समजले जाई. गुरुवारी सुरू झालेला कसोटी सामना शनिवारी थांबे आणि सोमवारी पुन्हा सुरू होई, तो याच कारणाने. खेळाडूंविषयीच्या दयाबुद्धीचा त्यात भाग नव्हता. दिवसांची मर्यादा नसलेल्या सामन्यांतही हा नियम कसोशीने पाळला जाई. १९३९ च्या मार्चमध्ये दर्बान येथे दक्षिण आफ्रिका व इंग्लंड यांच्यात निकाल लागेपर्यंत खेळावयाचा म्हणून जो सामना सुरू झाला तो ३ तारखेपासून १४ तारखेपर्यंत चालला. एक दिवस पावसाने गेला. दोन रविवार विश्रांतीचे म्हणून वगळले गेले. विजयासाठी ६९६ धावा हव्या असताना इंग्लंडने ५ बाद ६५४ पर्यंत मजल मारली, आणि परतीची बोट चुकू नये म्हणून सामना अनिर्णित सोडण्यात आला. बोटीसाठी सामना सोडता आला, रविवार मात्र सोडता आला नाही!

भारतात हा दिवस आला तेव्हा रविवारचे बंधन गळून पडले. येथे रविवार हाच प्रेक्षकांचा दिवस. तेव्हा तो खेळास देऊन विश्रांतीसाठी अन्य वार घेतला जाई. १९६४ साली मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध झालेला सामना १० ते १५ ऑक्टोबर असा, मध्ये एक दिवस सोडून, खेळला गेला. दसऱ्याच्या दिवशी २५४ धावांचे लक्ष्य दोन गडी राखून गाठले गेले तेव्हा चंदू बोर्डे मैदानात नाबाद होते. धार्मिक कारण सुटले तरी प्रथा सुटली नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तोपर्यंत तिचा दुसरा उपयोग सर्वांच्या अंगवळणी पडला होता.

हा दिवस प्रत्यक्षात कसा जाई? याची उत्तरे गावागावांप्रमाणे बदलत. ॲडलेडच्या सामन्यात दोन्ही संघ बरोसा खोऱ्यातील यालुम्बा या द्राक्षमद्याच्या मळ्यावर पाहुणे म्हणून जात. तेथे भोजन, पोहणे, टेनिस असा बेत असे. प्रतिस्पर्धी एकाच टेबलाशी बसत. तथापि या चित्रास अकारण सोनेरी मुलामा देणे योग्य होणार नाही. १९७५ च्या जानेवारीत याच मळ्यावर टेनिस खेळताना ऑस्ट्रेलियाचा अतिवेगवान गोलंदाज जेफ थॉमसन याने आपला उजवा खांदा दुखावून घेतला. त्या मालिकेत त्याने तोवर ३३ बळी घेतले होते. तो पुढचा सामना खेळू शकला नाही आणि तो सामना इंग्लंडने एक डाव राखून जिंकला. दौऱ्यावरील भारतीय संघांचे मोकळे दिवस व सायंकाळी तर पुष्कळदा स्वागतसमारंभांतच खर्ची पडत. परदेशी आलेल्या संघाकडे तेथील भारतीय मंडळी आपला मान म्हणून पाहत, आणि मान राखण्यासाठी खेळाडूंनी कोट-टाय चढवून हसतमुख उभे राहावे अशी अपेक्षा असे. विश्रांतीचा दिवस आणि मनाची विश्रांती या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे या दौऱ्यांच्या इतिहासात ठळकपणे दिसते.

१९५२ चे हेडिंग्ले घ्यावे. ७ जून, शनिवार. भारताच्या दुसऱ्या डावात पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर हे चौघे एकही धाव फलकावर लागण्यापूर्वी बाद झाले. ४ बाद शून्य दाखविणाऱ्या त्या धावफलकाचे छायाचित्र क्रिकेटच्या इतिहासात कायमचे राहून गेले. कर्णधार विजय हजारे व दत्तू फडकर यांनी सहाव्या गड्यासाठी १०५ धावांची भागी करून लाज राखली. पण सोमवारी सामना गेला आणि पुढे मालिकाही. दुसऱ्या दिवशीचा रविवार त्या चार फलंदाजांच्या वाट्याला ज्या प्रकारे आला असेल त्यास विश्रांती म्हणणे कठीण आहे. सामना संपलेला असता तर दुःखही संपण्याच्या मार्गाला लागले असते. येथे ते एक दिवस लांबले.

बावीस वर्षांनी लॉर्ड्सवर याहून कठोर प्रसंग आला. १९७१ साली अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडिज व इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकल्या होत्या. त्या विजयाप्रीत्यर्थ इंदूर येथे बॅटच्या आकाराचे स्मारक उभारले गेले. त्याच कर्णधाराचा संघ १९७४ च्या उन्हाळ्यात पुन्हा इंग्लंडला गेला, तो थंडी, ओलसर हवा आणि संघातील कुरबुरी यांनी आधीच त्रस्त होता. २० जून रोजी सुरू झालेल्या लॉर्ड्सच्या सामन्यात इंग्लंडने ६२९ धावा केल्या. भारताचा पहिला डाव ३०२ धावांत आटोपला; फरुख इंजिनिअर यांच्या ८६ आणि गुंडाप्पा विश्वनाथ यांच्या ५२ धावा त्यात होत्या. फॉलोऑन मिळाल्यावर शनिवारी सायंकाळी भारताचा दुसरा डाव नुकताच सुरू झाला होता. मध्ये रविवार, २३ जून. सोमवारी सकाळी, दीड तासाच्या आत, सारा संघ ४२ धावांत बाद झाला. जखमी चंद्रशेखर फलंदाजीस येऊ शकले नाहीत. एकनाथ सोलकर १८ धावांवर नाबाद राहिले. पराभव एक डाव २८५ धावांचा होता.

या सामन्याचे विवेचन बहुधा ढगाळ हवा, चेंडूचा स्विंग, जेफ अर्नोल्ड व क्रिस ओल्ड यांची गोलंदाजी या अंगांनीच झाले आहे आणि ते योग्यच आहे. विश्रांतीच्या दिवसाने भारतीय फलंदाजांचे भले केले किंवा बुरे केले असे सिद्ध करण्याचा मार्ग इतिहासकाराजवळ नाही. परंतु या दौऱ्याचे वेगळेपण त्याच्या नंतरच्या घटनांत आहे. लंडनमधील भारतीय उच्चायुक्तांकडील समारंभास संघ उशिरा पोहोचला म्हणून त्याचा जो उपमर्द झाला त्याची चर्चा खेळापेक्षा अधिक काळ टिकली. पुढचा सामनाही एका डावाने गेला. मायदेशी इंदूरच्या त्या स्मारकाला काळे फासण्यात आले. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आले आणि त्यांनी खेळाचा निरोप घेतला. तीन वर्षांपूर्वीच्या विजेत्या कर्णधाराला श्वास घेण्यास जागा मिळावी, असे त्या काळी कोणास सुचल्याचे दिसत नाही. त्या काळच्या क्रिकेटच्या भाषेत ‘संघात’ आणि ‘संघाबाहेर’ अशा दोनच अवस्था होत्या.

याउलट हेडिंग्लेच्याच मैदानावर १९८१ साली जे घडले त्याचा दाखला विश्रांतीदिनाचे अभिमानी नेहमी देतात. इयान बोथम इंग्लंडचा कर्णधार म्हणून १२ कसोटी सामने खेळला होता आणि त्यांपैकी एकही जिंकला नव्हता. ७ जुलैस लॉर्ड्सवर दोन्ही डावांत शून्यावर बाद होऊन तो परतला तेव्हा तंबूतील सभासदांनी मौन पाळले. त्याच दिवशी त्याने कर्णधारपद सोडले. त्याच्या जागी माइक ब्रिअर्ली आले. पुढच्या सामन्यात खेळावयाचे आहे की बाजूला बसावयाचे आहे, असे ब्रिअर्लींनी त्यास आधीच विचारले होते. त्याने खेळणे पसंत केले. ऑस्ट्रेलियाने ९ बाद ४०१ धावांवर डाव सोडला, इंग्लंड १७४ धावांत गारद झाले आणि फॉलोऑननंतर शनिवारअखेर एक गडी गमावून बसले. त्या रात्री बोथमच्या एपवर्थ येथील घरी मेजवानी झाली. रविवार गेला. सोमवारी सकाळी इंग्लंडचे खेळाडू हॉटेलच्या खोल्या सोडून मैदानावर आले, कारण सामना त्या दिवशी संपणार हे गृहीत होते. ७ बाद १३५ अशी अवस्था असताना बोथमने ग्रॅहम डिलीच्या साथीने ११७ धावांची भर घातली आणि अखेर तो १४९ धावांवर नाबाद राहिला. मंगळवारी बॉब विलिसने ४३ धावांत ८ बळी घेतले. १३० धावांचे लक्ष्य असलेला ऑस्ट्रेलियाचा संघ १११ धावांत बाद झाला.

या कथेतील मेजवानीस चमत्काराचे श्रेय देण्याचा मोह आवरला पाहिजे. विश्रांतीदिनापूर्वीच बोथमने याच सामन्यात ६ बळी घेतले होते आणि अर्धशतकही केले होते. त्याचा सूर रविवारी नव्हे, तर कर्णधारपदाचे ओझे उतरले तेव्हाच परतू लागला होता. शिवाय रविवार ऑस्ट्रेलियालाही मिळाला होता. तरीही एक गोष्ट उरते. हरत असलेला संघ कर्णधाराची परवानगी न काढता, कोणासही उत्तर देण्याची पाळी न येता, एका घरात एकत्र बसून खाऊ-पिऊ शकला. तसे करण्यात गांभीर्याचा अभाव आहे, असा आक्षेप घेण्याची सोय नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी खेळच नव्हता. ब्रिअर्ली पुढे मनोविश्लेषक झाले आणि २००८ ते २०१० या काळात त्यांनी ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेचे अध्यक्षपद भूषविले. खेळाडूच्या मनःस्थितीकडे त्यांचे लक्ष असे, हे खरे. पण त्या शनिवारी रात्री मनोविश्लेषणाची गरजच पडली नाही. ते काम पंचांगाने केले.

चमत्कार घडला त्याच उन्हाळ्यात प्रथेचा पाया खचू लागला होता. हेडिंग्लेपूर्वी जूनमध्ये नॉटिंगहॅम येथे आणि त्यानंतर बर्मिंगहॅम येथे याच मालिकेतील सामने रविवारी खेळले गेले. इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटमध्ये तर हे आधीच झाले होते. १९६९ पासून रविवारी ४० षटकांचे सामने सुरू झाले. एका कौंटीशी तीन दिवसांचा सामना खेळत असलेला खेळाडू त्यातील रविवारी दुसराच मर्यादित षटकांचा सामना खेळून सोमवारी पहिल्याकडे परतू लागला. प्रेक्षकांची सोय, तिकिटांचे उत्पन्न, दूरचित्रवाणीचे वेळापत्रक, वाढत जाणारे एकदिवसीय सामने अशी कारणे एकत्र आली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कसोटी सामना सलग पाच दिवसांचा झाला. कोठे ठराव होऊन एका दिवसात ही प्रथा बुडाली नाही. ती एकेका मालिकेतून गळत गेली, आणि म्हणूनच तिच्यासाठी कोणी शोक केल्याचे फारसे आढळत नाही.

तिचे अवशेष मात्र अधूनमधून डोके वर काढतात. २००१ साली कोलंबो येथे पौर्णिमेच्या सणानिमित्त, २००८ साली डिसेंबरच्या २९ तारखेस ढाका येथे बांगलादेशाच्या सार्वत्रिक निवडणुकीनिमित्त, आणि २०२४ साली सप्टेंबरच्या २१ तारखेस गॉल येथे श्रीलंकेच्या अध्यक्षीय निवडणुकीनिमित्त कसोटी सामने एक दिवस थांबले. गॉलचा सामना सहाव्या दिवशी, २३ सप्टेंबरला, श्रीलंकेने न्यूझीलंडविरुद्ध ६३ धावांनी जिंकला. या तिन्ही प्रसंगी कारण खेळाबाहेरचे होते. रविवारची बंदी जशी खेळाडूंसाठी नव्हती तशीच ही विश्रांतीही खेळाडूंसाठी नव्हती. सर्वांच्या विश्रांतीला नेहमीच बाहेरचे निमित्त लागत आले आहे.

विश्रांतीचा दिवस गेला म्हणून विश्रांतीची गरज गेली नाही. ती पंचांगातून निघून व्यक्तीकडे आली, आणि येथून पुढचा इतिहास मुख्यतः शब्दांचा इतिहास आहे. २००६ च्या फेब्रुवारीत इंग्लंडचा सलामीचा फलंदाज मार्कस ट्रेस्कोथिक भारताच्या दौऱ्यावर असताना, बडोद्याहून, एकाएकी मायदेशी परतला. प्रथम कौटुंबिक कारण सांगण्यात आले. काही आठवड्यांनी विषाणुजन्य आजाराचे नाव पुढे आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो ऑस्ट्रेलियाहूनही परतला तेव्हा ताणातून उद्भवलेला आजार, असे शब्द वापरण्यात आले. नैराश्य हा शब्द त्याने २००८ साली आपल्या आत्मचरित्रात सविस्तर उच्चारला, तोवर तो आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाला होता. एकाच दुखण्याची ही चार नावे क्रमाने लावली की एका समाजाने किती सावकाशीने एक शब्द उच्चारण्याचे धैर्य केले हे कळते. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये जोनाथन ट्रॉट ब्रिस्बेनच्या सामन्यानंतर मालिका सोडून गेला तेव्हा ताणाचा उल्लेख पहिल्याच दिवशी झाला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेलने आणि २०२१ च्या जुलैमध्ये बेन स्टोक्सने मनःस्वास्थ्याचे कारण उघडपणे देऊन विराम घेतला. स्टोक्स त्याच वर्षी डिसेंबरमध्ये परतला आणि पुढील एप्रिलमध्ये इंग्लंडच्या कसोटी संघाचा कर्णधार झाला. वाडेकरांच्या काळात कल्पनातीत असलेली ‘संघाबाहेर, पण संघाचाच’ ही तिसरी अवस्था आता अस्तित्वात आली होती.

भारतात याच काळात ‘विश्रांती देणे’ हा प्रयोग रूढ झाला. व्याकरणाच्या दृष्टीने तो मोठा बोलका आहे. विश्रांती ‘घेतली’ जाई तेव्हा कर्ता खेळाडू असे. विश्रांती ‘मिळे’ तेव्हा दाता अनाम, जणू कालगतीच असे. ‘विश्रांती देण्यात आली’ या कर्मणी रचनेत निवड समिती दाता होते आणि खेळाडू संप्रदानात जातो. मग वाचक त्या वाक्याकडे संशयाने पाहू लागतो: खरोखर विश्रांती दिली, की वगळले? पुष्कळदा दोन्हीही खरे असते. वगळण्याच्या कडवटपणावर साखर म्हणून वापरला गेलेला शब्द पुढे खऱ्या विश्रांतीसाठी वापरावयास घेतला तर त्याला ती जुनी चव येतेच. परिणामी विश्रांती घेणाऱ्या खेळाडूस, आपण वगळले गेलो नाही, याचा खुलासा करीत बसावे लागते. ही विश्रांती खाड्याच्या जातीची झाली.

विराट कोहली यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात पाच कसोटींतील १० डावांत त्यांना अवघ्या १३४ धावा करता आल्या. त्या वेळी आपली मनःस्थिती कोणाजवळ आणि कशी बोलावी हेच कळत नव्हते, असे त्यांनी २०१९ साली, मॅक्सवेलच्या निर्णयाला पाठिंबा देताना, सांगितले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, सुमारे महिनाभर आपण बॅटला स्पर्श केला नाही आणि दहा वर्षांत असे प्रथमच घडले, अशी कबुली त्यांनी दिली. उत्साहाचे सोंग आपण आणत होतो हेही त्यांनी मान्य केले. पुढच्याच महिन्यात, ८ सप्टेंबरला, दुबई येथे त्यांनी अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद १२२ धावा केल्या. नोव्हेंबर २०१९ नंतरचे ते त्यांचे पहिले आंतरराष्ट्रीय शतक. येथेही विश्रांती आणि शतक यांची कार्यकारणसाखळी जोडण्याची घाई करू नये. लक्ष वेधते ते वेगळ्याच गोष्टीकडे. ज्या काळात विश्रांतीचा दिवस होता त्या काळातील खेळाडूला, एक दिवस बॅट हाती धरली नाही, असे कधी जाहीर सांगावे लागले नव्हते.

सर्वांची सामाईक विश्रांती अलीकडच्या काळात एकदा अनपेक्षित रीतीने परत आली, आणि ती पराभवाच्या पोटातून आली. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेड येथे भारताचा दुसरा डाव ३६ धावांत संपला. १९७४ चा ४२ धावांचा नीचांक मागे पडला. खेळाडू सप्टेंबरपासून, प्रथम संयुक्त अरब अमिरातीतील स्पर्धेसाठी आणि मग ऑस्ट्रेलियात, साथीच्या निर्बंधांमुळे हॉटेलांत जवळजवळ कोंडलेले होते. कर्णधार कोहली अपत्यजन्मासाठी मायदेशी जाणार होते. मोहम्मद शमी यांचा हात मोडला होता. पण सामना तिसऱ्याच दिवशी संपल्यामुळे मेलबर्नच्या सामन्यापूर्वी जवळजवळ एक आठवडा हाती राहिला. या मधल्या काळात प्रशिक्षक रवी शास्त्री यांनी संघाचे एकत्र भोजन ठरविले, गाण्याची व्यवस्था केली आणि प्रथम आपणच जुनी हिंदी गाणी म्हणावयास सुरुवात केली, असे आर. अश्विन यांनी पुढे सांगितले आहे. बरोसा खोऱ्यातील मळा या वेळी बंद होता, एपवर्थच्या घराला पर्याय म्हणून हॉटेलचे दालन होते. पण जात तीच होती. अजिंक्य रहाणे यांनी मेलबर्नला ११२ धावा केल्या, भारताने २९ डिसेंबरला तो सामना आठ गडी राखून जिंकला आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेन येथे मालिकाही जिंकली. लॉर्ड्सच्या ४२ नंतरचा रहाटगाडगा आणि ॲडलेडच्या ३६ नंतरचा आठवडा यांची तुलना करताना संघांच्या ताकदीतील फरक विसरता येत नाही. तरीही १९७४ च्या संघास उच्चायुक्तांकडे कोट घालून जावे लागले आणि २०२० च्या संघास प्रशिक्षकाचे गाणे ऐकावयास मिळाले, हा भेद किरकोळ म्हणून सोडण्यासारखा नाही.

प्रशिक्षकाच्या स्वतःच्या विश्रांतीचा प्रश्न या इतिहासात सर्वांत उशिरा उभा राहिला. जुन्या दौऱ्यांवर प्रशिक्षक असा अधिकारी बहुधा नसेच. १९७१ च्या इंग्लंड दौऱ्यावरील व्यवस्थापक लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी हे व्यायाम करवून घेणारे, शिस्त राखणारे आणि समारंभांतून बोलणारे असे सर्व काही होते. दौरा संपला की त्यांचे कामही संपे. १९९२ नंतर वाडेकर स्वतः संघाचे व्यवस्थापक झाले, आणि २००० साली जॉन राइट यांच्या रूपाने पहिला परदेशी प्रशिक्षक आला. पद कायमचे झाले, पण त्याला अनध्याय कोणी ठरवून दिला नाही. खेळाडू आळीपाळीने विसावू शकत. प्रशिक्षक प्रत्येक संघाबरोबर असे. तालमीतील वस्तादाचीही स्थिती फारशी निराळी नसते. जत्रांचा हंगाम संपला की पैलवान गावी जातो, वस्ताद हौद्याच्या मातीजवळच राहतो.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, ऑस्ट्रेलियातील विश्वचषक स्पर्धेत उपांत्य फेरीत भारताचा पराभव झाल्यानंतर, प्रशिक्षक राहुल द्रविड न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेले नाहीत. त्यांच्या जागी व्ही. व्ही. एस. लक्ष्मण गेले. यावर टीका केली ती रवी शास्त्री यांनी. प्रशिक्षकास इतक्या सुट्ट्या कशाला हव्यात, दरवर्षी भारतातील व्यावसायिक स्पर्धेच्या काळात मिळणारे दोन-तीन महिने पुरेसे आहेत, असा त्यांचा आशय होता. दोन वर्षांपूर्वी हरलेल्या संघासाठी गाणारा हाच प्रशिक्षक होता, हे ध्यानात ठेवले म्हणजे या टीकेतील वरकरणी विसंगती उलगडते: सर्वांनी मिळून घेतलेली विश्रांती त्यांना कामाचाच भाग वाटत होती, एकट्याने घेतलेली कामातील खाडा वाटत होती. उत्तर अश्विन यांनी दिले. स्पर्धेच्या तयारीसाठी द्रविड व त्यांच्या सहकाऱ्यांनी किती काळ आणि किती बारकाईने काम केले हे आपण जवळून पाहिले आहे, शरीराने व मनाने ते थकून गेले होते, असे त्यांनी सांगितले. प्रशिक्षकाच्या थकव्याची साक्ष शिष्याने जाहीरपणे द्यावी लागली. डिसेंबरच्या आरंभी बांगलादेशाच्या दौऱ्यावर द्रविड पुन्हा संघाबरोबर होते.